मर्लची गादी

ऑरव्हिल गिटलमन स्वतःची ओळख ‘मध्य अमेरिकेतला सर्वांत तल्लख मेंदू’ अशी करून द्यायचा, आणि समोरचा हसला की त्याचं नाव वहीत टिपून ठेवायचा. नोकरीची एकतीस वर्षं त्याने विमा कंपनीसाठी गारपिटीत फुटलेली छपरं तपासण्यात घालवली होती. त्यामुळे गुन्हेगारी जगताची नस आपल्याला सापडली आहे, असं त्याचं ठाम मत होतं. त्याचा मदतनीस म्हणजे लोवेल. हे पद लोवेलने मागितलं नव्हतं, पण कॉलेजात दोघांची खोली एकच होती.

मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉलच्या स्पर्धेला चौघं बावीस वर्षं कॅन्सस सिटीला येत. यंदा तिघंच आले होते. त्यांचा मित्र मर्ल ऑक्टोबरात वारला. त्याचं तिकीट मात्र ग्लेंडाने, त्याच्या बायकोने, नेहमीसारखं काढलं आणि त्याची केशरी गादी त्याच्या खुर्चीवर ठेवली. त्याशिवाय ती सामना बघणार नव्हती.

उपांत्य सामन्यात त्यांचा केशरी संघ मध्यंतराला जांभळ्या संघापेक्षा चौदा पॉइंटांनी मागे पडला. मर्लचाच नियम होता, की मार खायला लागलो की सगळ्यांनी जागा बदलायची. मागची रांग रिकामी होती, कारण तिथले लोक काल हरून घरी गेले होते. तिघं घाईघाईने मागे सरकले.

उत्तरार्ध सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी ग्लेंडाने शेजारची खुर्ची चाचपली. “मर्लची गादी कुठाय?”

“हलू नका!” ऑरव्हिल ओरडला. “चोरी झालीय.”

“ऑरव्हिल, ती मिळाली नाही ना, तर मी निघाले,” ग्लेंडा म्हणाली. “पुन्हा यायचीसुद्धा नाही.” तिचा आवाज कापत होता.

ऑरव्हिलने जमिनीवरून मक्याची एक लाही उचलली. “चोर लाह्या खातो.”

“इथे अठरा हजार माणसं लाह्या खातायत,” लोवेल म्हणाला.

“म्हणजे टोळी आहे!”

पुढच्या खुर्चीवर जांभळ्या स्वेटरातल्या एक आजीबाई होत्या. गुडघ्यांमुळे वर चढवेना, म्हणून खुर्ची रिकामी दिसताच टेकलेल्या. त्यांनी मागे वळून विचारलं, “काही हरवलंय का हो? उठू का मी?”

“बाई, बसा! साक्षीदाराने जागा सोडायची नसते.”

मग ऑरव्हिलची नजर मैदानाच्या कडेला नाचणाऱ्या, जांभळ्या संघाच्या शुभंकर अस्वलावर गेली. सोंगातल्या त्या विद्यार्थ्याचं पोट जरा जास्तच चौकोनी होतं. ऑरव्हिलने पायऱ्या उतरून त्यात दोन्ही हात घातले. उशी निघालीच, पण ती अस्वलाची होती. पहारेकऱ्याने त्याला दंडाला धरून परत आणून बसवलं.

“अहो, मी म्हणत होते...” आजीबाई पुन्हा अर्धवट उठल्या.

“बसा म्हटलं ना! तुमच्याखाली पुरावा असू शकतो.”

“तेच तर सांगतेय! माझ्याखाली गादी आहे. ‘मर्ल’ असं विणलंय तिच्यावर. मला वाटलं, या खुर्चीबरोबरच मिळते.”

लोवेलने खुर्चीचा आकडा वाचला. मर्लची गादी मर्लच्याच खुर्चीवर होती. मर्लला सोडून हे तिघेच उठून आले होते.

“माझा पहिल्यापासून हाच कयास होता,” ऑरव्हिल म्हणाला.

आजीबाई ओशाळून गादी काढायला लागल्या. ग्लेंडाने फलकाकडे पाहिलं. त्या बसल्यापासून केशरी संघाने बारा पॉइंट भरून काढले होते. तिने वाकून आजीबाईंचा खांदा धरला.

“नका उठू. तुमच्या पाया पडते, शेवटपर्यंत अशाच बसा.”

“अगं, पण मी जांभळ्यांची आहे!”

“पाठ दुखत असेल ना तुमची?”

“दुखते खरी,” असं म्हणून आजीबाई परत टेकल्या. बिचाऱ्या स्वतःच्या संघासाठी ओरडत राहिल्या, पण गादी सोडवेना. शेवटच्या क्षणी केशरी संघ एका पॉइंटाने जिंकला.

मर्ल कोण, ते एव्हाना ग्लेंडाने सांगितलं होतं. आजीबाईंनी गादी झटकली आणि दोन्ही हातांनी ग्लेंडाकडे दिली. “तुमचे यजमान फार जड गेले हो आम्हाला.”

ग्लेंडा खो खो हसली, ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच. लोवेलला इतकं बरं वाटलं, की केस सुटल्याबद्दल त्याने ऑरव्हिलशी हातसुद्धा मिळवला. ग्लेंडाने मर्लचं उद्याचं तिकीट पर्समधून काढलं आणि आजीबाईंच्या हातात ठेवलं.

“अंतिम सामना दोन वाजता आहे,” ती म्हणाली. “मर्लवरच बसा.”