मंगळ ते घर, ट्रामने अर्धा तास

"तुला करमणार नाही तिथं," माझी बायको सोलांज म्हणाली.

"मला? अगं, हवामान खात्यात सगळा जन्म ढगांशी बोलण्यात गेला माझा! आठवडाभर माणसं दिसली नाहीत तर सुटेन मी!"

स्ट्रासबर्गच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी अवकाश-वर्गात देशोदेशीची तरणीताठी पोरं होती, आणि त्यांच्यात मी, निवृत्तीला टेकलेला एडगर! शेवटच्या आठवड्यात आम्हा चौघांना क्रीडागृहातल्या तंबूत कोंडलं. हा तंबू म्हणजे मंगळ! फोन जप्त. घरी निरोप धाडायचा तो नियंत्रण कक्षामार्फत. आणि मंगळ लांब, म्हणून जाणारा-येणारा प्रत्येक निरोप वीस मिनिटं अडकवून ठेवायचे.

दुसऱ्याच दिवशी माझं तोंड ट्राममध्ये विसरलेल्या छत्रीसारखं झालं. सोलांज कॉफी ढवळून चमचा कपावर आपटते, त्यावरून मी रोज भांडायचो. आता त्या एका 'टिंग'साठी मी अख्खा मंगळ दिला असता!

मी सहज लिहिलं, "फ्रिजमधलं मुन्स्टर चीज टाकलंस का? फार वास मारत होतं."

मग राहवेना. पाठोपाठ दुसरा निरोप सोडला, "माझी आठवण येते?"

वाट बघून बघून जीव कासावीस झाला. शेवटी उत्तर आलं:

"सुटले बाई एकदाची! आता कुठे घरात श्वास घेता येतोय!"

मी मटकन खाली बसलो. आठवण येते का, याचं हे उत्तर?

"काय झालं?" आमची फिनलंडची कप्तान काट्री धावत आली. "प्राणवायू कमी पडतोय का?"

"बायकोला पडत होता," मी हुंदका दिला. "मी घरात होतो तोवर!"

काट्रीनं निरोप वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो एडगर, हे चीजचं उत्तर आहे! आठवणीचं अजून वाटेत आहे!"

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: "येते ना रे. कालही दोघांची कॉफी केली. तुझी तशीच गार झाली."

मग मला काही दिसेना. आधी तंबूचं आतलं दार उघडलं, आणि ते न लावताच बाहेरचं!

"एडगर! पोशाख! बाहेर हवा नाहीये!" काट्री किंचाळली.

भोंगा वाजला. नियंत्रण कक्षातून आवाज आला, "दोन्ही दारं एकदम उघडल्यामुळे चौघेही ठार. मोहीम समाप्त."

काट्री माझ्याकडे अशी बघत होती, की मला खरोखरच मेल्यासारखं झालं. मी चौघांची माफी मागितली, म्हणजे तिघांची, आणि विचारलं, "मेलेल्यानं घरी गेलं तर चालतं?"

"पळा!" ती म्हणाली. हसली असावी, मी ट्रामकडे धावत होतो.

सोलांजनं दार उघडलं. मी धापा टाकत म्हणालो, "मी मेलो, सोलांज! तुझ्यापायी!"

तिनं मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. डोळे भरून आले होते तिचे, शपथ!

"बरं," ती म्हणाली. "बूट बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय."