एकशे चोवीसचा राग

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही आमच्या घराण्याची परंपरागत कला. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस थाटात करायचं ठरलं, मेहुण्याने विचारलं, "डीजे कुणाला सांगायचा?" आणि मी म्हणून गेलो, "मी आहे की!"

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मी तोच आहे का ते पाहिलं.

आता वास्तविक मी रेकॉर्ड विभागातला कारकून. मागितलेली फाईल शोधणं आणि ती सापडत नाही असं रीतसर कळवणं, हे माझं काम. पण महिन्यापूर्वी एका निवृत्त सहकाऱ्याने घर आवरताना आपलं जुनं डीजेचं यंत्र माझ्या गळ्यात मारलं होतं. त्याला दोन तबकड्या आणि चाळीसेक बटणं. त्यातली तीन मला समजली होती. (त्यांतलं एक यंत्र बंद करायचं.)

"मग आमचं गाणं लावा," सासूबाई म्हणाल्या. "पण या खेपेला माझा अंगठा वाचवा म्हणजे झालं."

या अंगठ्याची हकिगत सासरी सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या दिवशी दोघं एका गाण्यावर नाचायला उभी राहिली. गाणं मोठं कपटी. सुरुवातीला बावीस सेकंद नुसतं व्हायोलिन, ठेक्याचा पत्ता नाही. मग अचानक दोन टाळ्या. ऐकणाऱ्याला वाटतं, आली सम, टाका पाऊल! पण त्या टाळ्या असतात दोन ठोक्यांच्या बरोबर मधे. खरी सम त्यानंतर येते. सासरेबुवांनी टाळीवर पाऊल टाकलं, ते थेट सासूबाईंच्या अंगठ्यावर. नख गेलं. लग्नाच्या एकूण एक फोटोत त्या दातओठ खाऊन हसताहेत. त्यानंतर दोघं पुन्हा कधी नाचली नाहीत.

"गाणंच वाकडं आहे," सासरेबुवा पुटपुटले.

"हो ना! नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "एकदा नीट नाचायचं राहूनच गेलं."

हे ऐकून मी विरघळलो. छातीवर हात ठेवून शब्द दिला.

उपाय तसा सोपा होता. आधीच्या गाण्याचा ठेका खाली चालू ठेवायचा आणि त्यावर अलगद ते व्हायोलिन सोडायचं. खाली ठेका ऐकू येत असला की टाळ्या कितीही फसव्या असोत, पाऊल समेवरच पडणार. फक्त दोन्ही गाणी एकाच वेगाने पळायला हवीत, मिनिटाला १२४ ठोके. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. माझी दोन गाणी एकत्र लागली की जिन्यावरून दोन कपाटं गडगडल्याचा भास होई. शेजारच्या काकूंनी दोनदा येऊन कुणाला लागलं का म्हणून चौकशी केली.

एका संध्याकाळी माइक चुकून चालू राहिला होता. यंत्राच्या पडद्यावर मिनिटाला किती ठोके तो आकडा उमटला : ११२. गाणं तर बंद! मी कान दिला. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, खच्, खच्, खच्. बायको कोबी चिरत होती. ती बँकेत मॅनेजर आहे आणि दिवसभराचा संताप संध्याकाळी भाज्यांवर काढते. पाच मिनिटं झाली तरी आकडा ११२ म्हणजे ११२. गाण्यांच्या गर्दीत मला न सापडणारा ठेका सुरीत मात्र लख्ख ऐकू येत होता. मी दोन्ही गाणी सुरीशी जुळवली. आयुष्यात प्रथमच ती एकत्र चालली.

पण ११२ वर आमचं गाणं रडगाणं वाटे, म्हणून प्रश्न उरला बारा ठोक्यांचा. तेवढ्यात बायकोने आत डोकावून विचारलं, "अहो, हा ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला?" आणि परत जाऊन कोबी हातात घेतला. पडद्यावर आकडा आला : ११६.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पुढचे तीन आठवडे मी शास्त्रशुद्ध वागलो. ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे तक्ताही केला : अनुक्रमांक, कारण, वेग, शेरा. टॉवेल, ११६, खात्रीशीर. सासूबाईंच्या फोनचा निरोप विसरणे, १२०, समाधानकारक. ती बोलत असताना मोबाईल बघत 'हं' म्हणणे, १२४, उत्तम. आणि सर्वात खाली, लाल शाईत : 'एवढं काय त्यात चिडण्यासारखं' असं म्हणणे, १४८, धोकादायक, वापरू नये. त्या तीन आठवड्यांत आम्ही इतका कोबी खाल्ला की मोजदाद नाही, पण रोज संध्याकाळी गाणी चपखल जुळत.

समारंभाच्या दुपारी हॉल भरला. सासू-सासरे मधोमध येऊन उभे राहिले. सासरेबुवांनी तयारी म्हणून उजवा पाय आधीच उचलून धरला. मी हेडफोन चढवला आणि माझ्या पाचावर धारण बसली. कानात नुसता गोंगाट. सुरीशिवाय मला एक ठोका सापडेना!

धावत जाऊन मी बायकोला गाठलं. "खानपानवाल्यांची माणसं कमी पडताहेत. तू जरा माझ्या टेबलामागे बसून काकड्या चिरतेस का?"

"टेबलामागे? आत्ता?" ती म्हणाली. पण आईवडिलांचा दिवस, त्यातून चार जणींनी साडीचं कौतुक केलेलं. हसत हसत बसली. मी चिरायच्या फळीजवळ माइक सरकवला. आकडा : १०८.

"आज टॉवेल गादीवरच राहिला गं," मी सुरुवात केली.

"राहू दे हो. वाळेल."

१०६. मी घाईने म्हणालो, "परवा आईंचा फोन आला होता, सांगायचा राहिला."

"भेटलीच की ती आता. अहो, बघा ना, किती गोड दिसतेय आई."

मी मोबाईल काढला, त्यात डोकं घातलं आणि म्हणालो, "हं."

तिने सुरी थांबवून माझ्या पाठीवर हात फिरवला. "दमलात ना? किती करताय आमच्यासाठी."

१०४! (पंधरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला, आणि मुहूर्त हा साधला.) तिकडे सासरेबुवा एका पायावर डुलू लागले होते. पाहुण्यांना ती नाचातलीच एखादी अदा वाटली आणि काहींनी टाळ्याही वाजवल्या. मी घामाघूम होऊन खिशातून तक्ता काढला, काही शिल्लक आहे का बघायला. तो हातातून निसटला आणि काकड्यांवर पडला.

बायकोने तो उचलला. पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत, बँकेचा कागद वाचावा तसा वाचला.

"तीन आठवडे," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही मुद्दाम करत होता?"

अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघू नये, नेमकं तेच निघतं.

"अगं, एवढं काय त्यात चिडण्यासारखं?"

सुरी खाली आली. खच्! १२४ कधी आला आणि गेला, मला दिसलंही नाही. १३०. १४०. १४८! आणि तिथे सुरी ठाम झाली. मला समजलेल्या तीन बटणांपैकी मी घाईत नको ते दाबलं असावं, कारण माइक सगळ्या हॉलभर लागला.

"तीन!" खच्. "आठवडे!" खच्. "मुद्दाम!" खच्. "टॉवेल!" खच्.

मग कुणीतरी म्हणालं, "वा, काहीतरी नवीन आहे!" आणि माणसं ताल धरू लागली. मी गाण्याचा वेग ओढून १४८ वर नेला, सुरीवर कान ठेवला आणि तबकडी सोडली. व्हायोलिन कावरंबावरं होऊन पळत सुटलं. त्या दोन फसव्या टाळ्या आल्या. सासरेबुवांचा पाय थरथरला, पण खाली आला नाही, कारण लेकीची सुरी अजून हवेत होती. मग खच्! आणि पाय जमिनीवर पडला. जमिनीवर!

सासूबाईंनी आधी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. त्या हसल्या, डोळ्यांना पदर लावला आणि दोघं नाचायला लागली. दीडशेच्या आसपास वेगाने, साठी ओलांडलेली माणसं, भोवऱ्यासारखी. "थांबा हो, श्वास घेऊ द्या!" असं सासूबाई ओरडत होत्या आणि थांबायला मात्र तयार नव्हत्या. मला भरून आलं. (काकड्या संपून कांदे सुरू झाले होते, हेही एक कारण.)

नाच संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कॉलर ताठ करून पुढे वाकलो. तेवढ्यात एक भारदस्त गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले, माझ्या अंगावरून हात लांब करून त्यांनी बायकोशी हस्तांदोलन केलं.

"बाई, काय तो ताल! पुढच्या महिन्यात आमच्या मुलीचं लग्न आहे. याल का?"

"डीजे मी आहे," मी घसा खाकरून म्हणालो.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आदराने बायकोकडेच वळून विचारलं, "हे नेमकं काय करतात?"

"मला राग आणतात," बायको म्हणाली.

"पूर्णवेळ?"

"नाही हो," तिने कांद्याचं शेवटचं टोक उडवलं. "नोकरी सांभाळून."