पाटावरचा रिमोट

"बाबा, नीट ऐका. बॅटरी पहिल्यांदा चार्ज करताना सलग करायची. मधे तोडायचं नाही," पुण्याहून चिन्मय फोनवर सांगत होता.

"अखंड," विष्णुपंत म्हणाले.

"हो, अखंडच म्हणा. आणि मधे लाईट गेलीच, तर बॅटरी पूर्ण उतरवायची आणि मग परत पहिल्यापासून."

हे विष्णुपंतांना समजावून सांगावं लागलं नाही. आखाडा बाळापूरच्या मारुती मंदिरातला अखंड हरिनाम सप्ताह गेली कित्येक वर्षं तेच बघत होते. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रंदिवस. टेकली की तुटलं, आणि तुटलं की पहिल्यापासून. बॅटरीलाही असा नेम असतो हे कळल्यावर त्यांना त्या वस्तूबद्दल उगाचच आदर वाटू लागला.

वस्तू ट्रॅव्हल्सच्या पार्सलातून आली होती. व्हिडिओ गेमचा डबा, एक बिनवायरचा रिमोट, रिमोट ठेवायचं चार्जिंगचं स्टँड, आणि रिमोटच्या पोटात बसणारा बॅटरी पॅक. साधे सेल त्यात बसत नव्हते. हे सगळं नात नीलांबरीसाठी. मागच्या दिवाळीत ती आली आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरून बसली. "आबा, इथं काहीच नाही," एवढंच म्हणाली होती. पोरगी गेली, पण ते वाक्य ओट्यावर बसून राहिलं. विष्णुपंत जाता-येता त्याला अडखळत.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोन दिवसांसाठी येणार होती. "नाही करमलं तर मी घेऊन जाईन," असं चिन्मयनं आधीच सांगून ठेवलं होतं. विष्णुपंतांच्या मनात मात्र ती सप्ताहाच्या काल्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत, राहावी असं होतं. म्हणून हा रिमोट.

"बघा, ती एसटीतून उतरायच्या आत हे तयार पाहिजे," ते बायकोला म्हणाले. "मग राहते की नाही सांगा."

अनुसूयाबाई आरशासमोर कुंकू लावत होत्या. बाजारचं लालभडक कुंकू त्यांना चालत नसे. घरी केलेलं, जरा काळपट कुंकू त्या लावत, आणि साऱ्या बाळापुरात ते एकट्या त्यांच्याच कपाळावर दिसे.

"राहील हो," त्या म्हणाल्या. "पण आपल्याजवळ राहील का टीव्हीजवळ?"

विष्णुपंतांनी ते ऐकलं नाही. ते स्टँडवरच्या लाल दिव्याकडे बघत होते.

ते दोन हजार आठचं साल होतं. लाईट यायची ती पाहुण्यासारखी, आणि बसते न बसते तोच "येते" म्हणायची. दुपारी लाल दिवा विझला. तुटलं! आता बॅटरी पूर्ण उतरवायची. उतरवायची म्हणजे खेळायचं. संध्याकाळी लाईट येताच विष्णुपंतांनी धोतर सावरलं, टीव्ही लावला आणि रिमोट हातात धरला. पडद्यावर एक तांबडी मोटार उभी होती. त्यांनी एक बटण दाबलं. मोटार सुसाट सुटली ती थेट भिंतीवर. त्यासरशी रिमोट हातात थरथरला.

"अरे, करंट!" त्यांनी रिमोट उशीवर टाकला.

अनुसूयाबाई स्वयंपाकघरातून आल्या. "हे काय करून राहिले तुम्ही? हरिपाठाची वेळ झाली की."

"बॅटरी उतरवून राहिलो. तो नेम आहे त्याचा."

"मग उशीला काहून देता? धरा हातात."

त्या दिवशी मोटार किती भिंतींवर गेली त्याची गणती नाही. बॅटरी काही लवकर उतरेना. हरिपाठ चुकला. सप्ताहाच्या तोंडावर समितीचे विष्णुपंतच हरिपाठाला नाहीत म्हटल्यावर समितीतलेच उकंडराव चौकशीला आले, आणि दारातूनच मोटारीचा आवाज ऐकून "पाव्हणे आलेले दिसतात" म्हणून परतले. अखेर बॅटरी उतरली. स्टँडवर लावली. पहाटे परत लाईट गेली.

"असं तर लेकरू येऊन जाईल," विष्णुपंत हताशपणे शेषरावांना म्हणाले.

शेषराव त्यांचे जुने दोस्त. सप्ताहाला मांडव आणि जनरेटर त्यांचाच असे. "जय भीम, पंत," म्हणत ते यायचे, "जय भीम, रामकृष्णहरी," म्हणत विष्णुपंत पाणी द्यायचे, आणि मग दोघं मिळून साऱ्या गावाची काळजी करायचे.

"येवढंच ना?" शेषराव म्हणाले. "उद्यापासून सप्ताह बसून राहिला. वीण्याजवळच्या बोर्डाला मी इन्व्हर्टर लावलाय, आन् मागून जनरेटर. लाईट गेली तरी त्या बोर्डाची पापणी लवत न्हाई. तिथं ठेवा तुमचं यंत्र. रातभर खाऊ द्या पोटभर."

"मंदिरात? खेळणं?"

"काहून? तुमचा मोबाईल न्हाई का ठेवत तिथं? देवाची लाईट, देवाच्या लेकराला. बराबर हाय."

विष्णुपंतांना पटलं. त्यांनी पहिल्या रात्री कीर्तन झाल्यावर वीणेमागच्या कोपऱ्यात स्टँड नेलं. वायर बोर्डात खोचली. आता, मंदिरात वस्तू नुसती जमिनीवर कशी ठेवायची? पाय लागेल. म्हणून एक पाट घेतला. पाट धुळीचा होता, म्हणून त्यावर धुतलेलं उपरणं अंथरलं. त्यावर रिमोट ठेवला. लाल दिवा लागला. समाधानानं त्यांनी सवयीप्रमाणे हात जोडले आणि घरी जाऊन झोपले.

पहाटे काकड्याला जायला त्यांना जरा उशीर झाला. अनुसूयाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी जाऊन पोचल्या होत्या. विष्णुपंत मांडवात शिरले तर कोपऱ्यात बायकांची रांग. पाटावर हळदीकुंकू, अक्षता, मोगऱ्याची फुलं. रिमोटवरची अंगठ्यानं फिरवायची दोन उंच बोंडं कुंकवानं माखली होती. पुढं उदबत्ती लावलेली.

"पंत, काय तेज हाय!" पहिल्या रांगेतल्या चंदाबाई कौतुकानं म्हणाल्या. "रात्री दिवा लाल व्हता, पहाटे हिरवा झाला. मी डोळ्यानं पाह्यला!"

"चंदाबाई, ते..."

"पादुका हायत ना? जोडून केलेल्या?" सखुबाईंनी विचारलं.

 खरं सांगावं तर एवढ्या बायाबापड्यांचा पाणउतारा. न सांगावं तर... विष्णुपंतांनी हळूच पाटाला हात घातला.

"पंत!" उकंडरावांनी लांबूनच हटकलं. "हे काय? मांडलेलं उचलून राहिले?"

"जरा घरी..."

"वा! आन् माह्या कलशाच्या वक्ताला?"

विष्णुपंतांचा हात जागीच थांबला. तीन वर्षांपूर्वी उकंडरावांनी घरचा नवा पितळी कलश सप्ताहात मांडला होता आणि मधेच घरी वास्तुशांत निघाली म्हणून ते तो न्यायला आले होते. तेव्हा याच विष्णुपंतांनी भर मांडवात सांगितलं होतं, "सप्ताहात मांडून पुजलेलं काल्याच्या आधी उठत नाही. उत्तरपूजा झाल्यावरच न्यायचं." उकंडरावांनी वास्तुशांत शेजाऱ्याच्या तांब्यावर केली होती आणि ते विसरले नव्हते.

"पंत, तुमचाच कायदा हाय," मागून शेषराव हळूच म्हणाले. त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

"तुमच्यामुळं झालं हे!"

"मी बोर्ड दावला. पाट म्या सांगितला व्हता का?"

त्याच दुपारी नीलांबरी आली. बापानं तिला दारात सोडलं, चहा घेतला आणि "परवा येतो" म्हणून तो हिंगोलीला मित्राकडे गेला. पोरीनं बॅग टाकली, टीव्हीखाली बघितलं, टीव्हीवर बघितलं.

"आबा, रिमोट कुठंय?"

"मंदिरात."

"चार्जिंगला?"

"गेला होता चार्जिंगलाच," विष्णुपंत म्हणाले. "आता जरा... अडकलाय."

ती तशीच चप्पल घालून निघाली. विष्णुपंत मागं. नरसीहून आलेले कीर्तनकार बुवा नुकतेच मांडवात येऊन बसले होते, कीर्तनाला वेळ होता, माणसं जमत होती. नीलांबरी कोपऱ्यात गेली, कुंकवाखाली दडलेलं आपलं खेळणं तिनं ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आबा, अहो हा माझा गेमचा रिमोट आहे! याची पूजा कुणी केली?"

मांडवात कुणी तरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. हसल्या नाहीत त्या चंदाबाई. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"आधीच कुंकवाचं बोट लावलेलं व्हतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्हणून म्या लावलं. मला काय म्हाईत? येवढं हसाया काय झालं?"

तेव्हा कुठं नीलांबरीला कळलं की आपण काय केलं. विष्णुपंतांना तर जमिनीत शिरावंसं वाटलं. बुवांनी टाळ बाजूला ठेवले.

"चंदाबाई, इकडं या. हात जोडले तवा मनात काय व्हतं?"

"लेकीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हणलं."

"मग ते या रिमोटला म्हणलात का?"

"रिमोट म्हंजे काय हेच मला ठावं न्हवतं. त्याला कशी म्हणीन? देवाला म्हणलं."

"मग झालं तर. तुमचा नमस्कार जिथं जायचा तिथं गेला. वाटेत या लेकराचं खेळणं लागलं, येवढंच." बुवा नीलांबरीकडं वळले. "आन् बाई, तुझ्या खेळण्यावरून येवढे नमस्कार गेलेत. आता खेळताना जरा जपून."

हसणं परत झालं, पण आता चंदाबाईही त्यात होत्या. सगळं गोड झालं. उकंडराव तेवढे हटले नाहीत. "पुजलं ते पुजलं. उठंल ते काल्यालाच."

"मग मीही इथंच बसणार," नीलांबरी म्हणाली आणि पाटाशेजारी मांडी घालून बसली. "कुणी त्यावर पंचामृत ओतलं म्हणजे?"

विष्णुपंतांनी चिन्मयला फोन केला. "परवा येऊ नको. पोरगी काल्यापर्यंत राहणार."

"करमलं तिला?" चिन्मयला खरं वाटेना.

"ती पहाऱ्यावर आहे," विष्णुपंत म्हणाले. खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती नुसती राखण करत होती. कुणी तांब्या घेऊन आलं की दोन्ही हात आडवे. दुसऱ्या दिवशी बसून बसून कंटाळली तेव्हा तिला समोर उभे असलेले सटवाजी विणेकरी दिसू लागले.

"आजोबा, तुम्ही ती वीणा खाली का नाही ठेवत? दमला असाल."

"ठेवली की तुटतं, माय."

"वीणा?"

"न्हाई. सप्ताह."

"मग परत पहिल्यापासून?"

"व्हय, पहिल्यापासून."

"अगदी बॅटरीसारखं!" ती म्हणाली. सटवाजींना बॅटरीचं काही कळलं नाही, पण पोरीला वीणेचं कळलं याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. संध्याकाळी कुणी तरी तिच्या हाती टाळ दिले. रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून तिनं ते वाजवले, आधी कीर्तनाच्या मागं, मग कीर्तनाच्या पुढं, आणि एकदा केव्हा तरी कीर्तनाच्या बरोबर. त्या एका क्षणी बुवांनी गाता गाता तिच्याकडं बघून मान हलवली. ज्यानं कधी कीर्तनात टाळ धरलाय त्याला त्या मान हलवण्याची किंमत सांगावी लागत नाही. त्यानंतर पाटाकडं बघायचं ती कधी कधी विसरूही लागली. विष्णुपंत खांबाआडून हे बघत आणि उपरण्यानं डोळे पुसत. धूळ फार होती मांडवात.

काल्याच्या दिवशी बुवांनी सप्ताहाच्या कलशाच्या बरोबरीनं, तितक्याच गांभीर्यानं रिमोटची उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या, पाट हलवला आणि म्हणाले, "पुनरागमनाय च."

"म्हणजे काय?" नीलांबरीनं विचारलं.

"म्हंजे, परत यायसाठी."

 दुसऱ्या दिवशी चिन्मय न्यायला आला तेव्हा तिनं गेमचा डबा बॅगेत भरला नाही.

"इथंच राहू दे. दिवाळीला मी येणारच आहे. आणि आबा, बॅटरी पडून राहिली तर खराब होते. मधून मधून पूर्ण उतरवायची, मग सलग चार्ज करायची. कराल ना?"

"अखंड करीन," विष्णुपंत म्हणाले.

एसटी गेली. घर शांत झालं, पण मागच्या वेळेसारखं नव्हे. ओट्यावर यंदा कुठलंच वाक्य अडखळायला नव्हतं. विष्णुपंत ओलं फडकं घेऊन रिमोट पुसायला बसले. वरचं कुंकू लालभडक, फडक्यावर उतरत गेलं. त्याखालचंही लालभडक. सगळ्यात खाली, बॅटरीच्या झाकणाशी, एका बोटाचा ठिपका मात्र निराळा निघाला. काळपट.

विष्णुपंतांनी फडकं बाजूला ठेवलं. चंदाबाईंचे शब्द त्यांना आठवले, आधीच बोट लावलेलं होतं. मग त्यांनी मान वर केली आणि बायकोच्या कपाळाकडं बघितलं.

"पहाटे पहिल्या तुम्हीच गेला होतात ना मांडवात?"

अनुसूयाबाईंनी शांतपणे रिमोट त्यांच्या हातून घेतला, ठिपका पदरानं पुसला आणि टीव्ही लावला. तांबडी मोटार पडद्यावर उभी राहिली.

"लाईट आहे तोवर उतरवून घेऊ," त्या म्हणाल्या. "बसा इकडं. आणि मधे बोलू नका. तुटतं."