हेआ लीखा वीचा चीण्यापा

ज्या वस्तूचा उपयोग कळतो ती गावात टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. एसटीच्या थांब्यावरचे पत्रे कशासाठी आहेत हे सगळ्यांना कळत होते, म्हणून पहिल्याच पावसाळ्यात ते निरनिराळ्या गोठ्यांवर जाऊन बसले. चौकातला खांब मात्र आजही जागच्या जागी आहे. त्याच्यावर काय लिहिले आहे हे कुणालाच कळत नव्हते, हेच त्याचे कारण.

१९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला. त्या आनंदात मंठा तालुक्यातल्या आमच्या करडवाडी बुद्रुक ग्रामपंचायतीने शिल्प उभारले. दगडी खांब, त्यावर सिमेंटचे चार हात आणि हातांत ज्वारीचे कणीस. (दक्षिणेकडून ते वांगे वाटते. म्हणून पाहुण्यांना उत्तरेकडून आणतात.) त्याच उन्हाळ्यात गावात नळयोजनाही आली. दोन्ही कामांचा कंत्राटदार एकच असल्याने कामे एकमेकांवर झाली आणि वरच्या गल्लीला पाणी सोडायची चावी कुठेतरी बुजली. कुठे, ते कामावरच्या ओव्हरसियरला (गावाच्या तोंडी वरशेरसायबांना) ठाऊक होते. त्यांची बदली झाली.

खांबावर एक ओळ कोरलेली आहे: ‘हेआ लीखा वीचा चीण्यापा’.

या ओळीने गावाला जे दिले ते नळाने कधीच दिले नसते. पूर्वी पारावर बसणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणत. आता त्यांना शिल्प-रहस्य संशोधन समिती म्हणतात. अध्यक्ष निवृत्त शिक्षक रामराव गुरुजी; चिटणीस प्रस्तुत लेखक. समितीच्या पाहणीनुसार गावातल्या त्र्याण्णव टक्के पुरुषांचे या लेखाविषयी ठाम मत होते. उरलेले सात टक्के त्या वेळी शेतात होते. (बायकांची पाहणी करता आली नाही. त्या विहिरीवर होत्या.)

मते तीन प्रकारची. गुरुजींच्या मते ‘चीण्यापा’ हा चिनी प्रवासी असून तो करडवाडीस मुक्कामाला होता. काकासाहेब पोलीस पाटलांच्या मते तो दक्षिणेतला चिन्नप्पा नावाचा सरदार असून ‘वीचा’ हे त्याच्या घोडीचे नाव. तिसरे मत रखमाजीचे. अक्षरे नऊ, म्हणून त्याने मटक्याला नव्वा लावला. नव्वा आला नाही, तेव्हा ‘ण्या’तला अर्धा ण वेगळा मोजायला हवा होता, असा शोध त्याने लावला. आमच्या कार्यातला हा एकमेव शोध प्रयोगाने सिद्ध झालेला आहे.

जालना स्टेशनवर उतरून, दोन एसट्या बदलून अभ्यासक येऊ लागले. त्यांना चहा दिला जाई. चहाचे पाणी खालच्या गल्लीतून आणत.

या सगळ्यात एक व्यत्यय होता. तिचे नाव गोजरबाई. वरच्या गल्लीत राहणारी ही बाई प्रत्येक बैठकीला रिकामी घागर घेऊन येई.

“गुरुजी, सुनंला आठवा लागला. अवघडलेली बाई पायऱ्या उतरून विहिरीत जाऊन राह्यली. चावी कव्हा सापडंल?”

“गोजरबाई, हा विषय आजच्या बैठकीपुढं न्हाई,” गुरुजी शांतपणे सांगत. तो कोणत्याच बैठकीपुढे नव्हता, त्यामुळे पक्षपाताचा आरोप करायला जागा नव्हती.

आता, हा लेख ज्याने कोरला तो तातेराव मिस्त्री काही वारलेला नव्हता. खालच्या गल्लीत, खांबापासून हाकेच्या अंतरावर राहत होता. समितीने त्याला विचारले नाही. कोरणाऱ्याला विचारून लावलेला अर्थ हे संशोधन नव्हे, ती कॉपी झाली, असे गुरुजींचे मत होते, आणि गुरुजींनी हयातभर कॉप्या पकडलेल्या होत्या.

गोजरबाई त्याच्याकडे गेली ती जात्याला टाकी लावून, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून घ्यायला. सहज तिने विचारले, “मिस्तरी, त्या खांबावर काय लिव्हलंय हो?”

“काय म्हंजे? ‘पाण्याची चावी खाली आहे.’ वरशेरसायबानं सांगितल्तं, तसंच बराबर कोरलं.”

“मंग कुणाला वाचता का येईना?”

“डावीकून वाचत असतील. आमी निजामाच्या टायमाला उर्दूत तीन यत्ता शिकलो. मराठी अक्षरं मागून आली, पण हात उजवीकूनच सुरू होतो. अन् सगळा गाव रोज खांबापुढं उभा ऱ्हातो. मला वाटलं, वाचून राह्यले.”

गोजरबाई तडक बैठकीत आली आणि उभ्याउभ्या सांगून मोकळी झाली. गुरुजींनी ओळीच्या उजव्या टोकाला बोट ठेवले आणि एकेक अक्षर मागे नेले. पा. ण्या. ची. नऊही अक्षरे जुळली. चिनी प्रवासी त्या क्षणी परत गेला. काकासाहेबांनी घोडीसाठी टोपी काढली. मला खरेच वाईट वाटले. इतकी वर्षे सांभाळलेले गूढ एका जात्यापायी गेले.

पण समिती खचली नाही. रखमाजीच म्हणाला, “खाली म्हंजे तळाला, का खाली म्हंजे रिकामी? आमी तर रिकाम्या पोत्याला खाली पोतं म्हंतो.”

गुरुजींच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याच बैठकीत दोन गट पडले: तळवाले आणि रिकामेवाले. चावी तळाला असेल तर खणावे लागेल. रिकामी असेल तर खणून उपयोग नाही. सबब, अर्थ निश्चित होईपर्यंत खणू नये, असा ठराव एकमताने झाला.

गोजरबाईने दुसऱ्या दिवशी पहार आणली. एक फरशी तिने उचकटलीसुद्धा. “खाली का रिकामी, बघून सांगते की!” ती ओरडत होती. तिला मानाने बाजूला केले, साडीचोळी दिली, लेखाचा अर्थ शोधल्याबद्दल तिचा सत्कार केला आणि शिल्पाभोवती जाळी बसवली.

त्याला आता वीस वर्षे होतील. गोजरबाई आता नाही. सुनेच्या, बेबीनंदाच्या, पोटात तेव्हा जी मुलगी होती, ती डोक्यावर दोन घागरी घेऊन जाळीजवळून जाते. अभ्यासक तिचा फोटो काढतात. कणीस मागे छान येते.

वाचकहो, मघाशी अर्थ कळताच तुम्ही वर जाऊन ती ओळ उजवीकडून लावून पाहिलीत. नऊही अक्षरे जुळल्यावर तुम्हाला बरे वाटले. तळाला की रिकामी, यावरही तुमचे काही मत झालेच असेल. गुरुजी गेल्यापासून समितीत एक जागा खाली आहे (रिकामी, या अर्थी). फरशी उचकटली तेव्हा आत काय दिसले, हे गोजरबाईला शेवटपर्यंत कुणी विचारले नाही. तुम्हीही विचारले नाहीत. तुमची निवड पक्की समजा.