दुपारच्या झोपेतली शाई

मला तंद्री लागते यात माझा काही दोष नाही, असं माझं मत आहे. (बायकोचं मत वेगळं आहे. आमच्या घरात मतांचं काय होतं ते पुढे येईलच.) पाणीपुरवठा खात्यात मी सव्वीस वर्षं आवक-जावक कारकून आहे. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा. या कामात तंद्री लागली तरी फारसं बिघडत नाही. फार तर आलेलं पत्र पुन्हा निघून जातं.

तर आमच्या भागाची विधानसभेतली जागा रिकामी झाली. आमच्या प्रतिनिधींना कुठलीशी याहून मोठी खुर्ची मिळाली आणि ते ही जागा सोडून गेले. जागा पाच महिने रिकामी आहे हे आम्हाला पेपरात वाचून कळलं. भरलेली होती तेव्हाही कोणाला फारसा फरक जाणवला नव्हता. मग पोटनिवडणूक जाहीर झाली. मतदारांना उत्साह नाही, उमेदवारही दमलेले, आणि ड्यूटीला माणसं मिळेनात. त्यामुळे नियम थोडा वाकवून माझी नेमणूक आमच्याच गल्लीच्या टोकाच्या शाळेत झाली. मतदान अधिकारी क्रमांक दोन. मतदाराचं डावं बोट तपासायचं, आणि ते कोरं असलं तर त्याला पक्की शाई लावायची, एवढंच काम.

एवढंच काम, पण ट्रेनिंगमध्ये माझी शोभा झाली. मी काडी शाईत बुडवली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं शेजारच्या पोस्टमास्तरांच्या बोटावर ठाणकन शिक्का मारला. पोस्टमास्तर कळवळले.

"अहो, रेघ ओढायची आहे," ट्रेनिंगचे साहेब म्हणाले. "नखापासून पहिल्या पेरापर्यंत. खिळा नाही ठोकायचा."

मग त्यांनी मागच्या निवडणुकीतली एक अर्धी बाटली माझ्या हातात दिली आणि घरी सराव करायला सांगितलं. त्यापुढे ते आणखी काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात खिडकीतून एक पांढरं पीस आत आलं, पंख्याच्या वाऱ्यात सापडलं आणि खाली यायलाच तयार होईना. मी ते खाली येईपर्यंत पाहत बसलो. ते जमिनीला टेकलं तेव्हा हॉलमध्ये मी आणि झाडूवाली दोघंच होतो. (साहेब पुढे "कागदावर सराव करा, माणसावर नको" असं म्हणाले होते, हे मला पोस्टमास्तरांनी नंतर सांगितलं. त्यांनी हे लवकर सांगायला हवं होतं.)

मतदान मंगळवारी होतं. रविवारी दुपारी जेवणं झाली आणि घर हळूहळू झोपेत उतरलं. आधी भांड्यांचा आवाज थांबला, मग मुलीच्या खोलीतलं गाणं थांबलं, मग नळाची टपटप तेवढी उरली. पडद्यातून उन्हाचा एक पट्टा खोलीभर सरकत होता. खिडकीशी आरामखुर्चीत सासरे झोपले होते, पोटावर पेपर, पेपरावर हात. अशा वेळी मला वाटतं की घर तळ्याच्या तळाशी आहे आणि आपण एकटेच त्यात पोहत हिंडतो आहोत. अशा वेळी मला काही करू देऊ नये.

मी टेबलाशी बसून बाटली उघडली आणि आधी माझ्याच बोटावर रेघ ओढली. फिकट, जेमतेम दिसेल अशी रेघ उमटली. म्हटलं, शाई मेली. मेलेल्या शाईनं काय व्हायचंय? पण स्वतःच्या हातावर सराव होत नाही, खाजवल्यासारखं वाटतं. दुसऱ्याचं बोट हवं. आणि सगळ्यात जवळचं बोट सासऱ्यांचं होतं.

मी अलगद त्यांचा हात हातात घेतला. घोरणं क्षणभर अडखळलं, पुन्हा सुरू झालं. हात ऊबदार होता आणि कागदासारखा हलका. मी श्वास रोखून रेघ ओढली. इतकी सरळ, इतकी नाजूक रेघ माझ्या हातून जन्मात उमटली नव्हती. मी थोडा वेळ तसाच तो हात धरून बसलो. मग त्या आनंदातच आत गेलो. बायकोचा हात उशीखालून बाहेर आला होता, तिला एक रेघ. मुलीला तिच्या खोलीत जाऊन एक. मांजराला बोट नसतं म्हणून ते वाचलं.

ही शाई उन्हाला लागली की काळी होत जाते, हे ज्याला ठाऊक असायला हवं होतं तो माणूस त्या वेळी पीस पाहत होता.

पाच वाजता चहाला सगळे बसले. मुलीनं कप उचलला आणि ती बोटाकडे पाहत राहिली. मग बायकोनं स्वतःचं बोट पाहिलं. मग दोघींनी माझ्याकडे. (अशा प्रसंगी आमच्या घरात चौकशी होत नाही. थेट निकाल लागतो.)

"काय केलंत?" बायको म्हणाली.

"सराव."

"आमच्यावर?"

"तुम्ही झोपला होता. तुम्हाला त्रास नको म्हणून."

साबण झाला, लिंबू झालं, नखांचा रंग काढायचं औषध झालं. मुलीनं बोट घासून घासून लाल केलं, आणि लालीच्या मधोमध काळी रेघ उलट उठून दिसायला लागली. तिचं हे पहिलंच मतदान होतं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. पण मला खरी धास्ती सासऱ्यांची होती.

सत्तावन्न वर्षांत त्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. हर्नियाच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते चाकाच्या खुर्चीतून गेले होते. आमच्या लग्नाच्या दिवशी मतदान होतं, तेव्हा सगळ्या पाहुण्यांना ताटकळत ठेवून आधी मत देऊन आले होते. आणि त्या लग्नापासूनच त्यांची एक तक्रार होती. त्यांचा पक्ष वेगळा, माझा बरोबर विरुद्ध. "मी सकाळी मत टाकून येतो," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आणि जावईबापू दुपारी जाऊन ते पुसून येतात." ते हसत सांगत, पण त्यात थोडा सल होता.

त्यांनी बोट खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पुढची निवडणूक मला मिळेल का, कोण जाणे," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

मला फार वाईट वाटलं. उपदेश करणारे, कटकट करणारे सासरे पुष्कळांना असतात. माझे नुसते बसून राहायचे, आणि वर्षातून एखाद्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कोणाला तरी हवे असल्यासारखे घराबाहेर पडायचे. तो दिवस मी खाल्ला होता.

मंगळवारी केंद्रावर प्रमुख म्हणून एक बाई होत्या. शाळेत गणित शिकवत. कोणतीही गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय त्यांना पटत नसे, "आज मंगळवार आहे" हेसुद्धा त्यांनी आदेशाच्या कागदावर तपासून घेतलं. मतदार थेंबाथेंबानं येत होते. भिंतीवर मुलांनी काढलेले ढग होते, बाकांवर उमेदवारांचे तीन प्रतिनिधी पेंगत होते, आणि शाळेच्या घंटेवर एक साळुंकी येऊन बसायची आणि जायची. मी तिच्याकडे पाहिलं नाही. (दोनदाच पाहिलं.)

साडेचारला सासरे आले. ("निदान विचारून तर बघू" असं बायकोनं त्यांना दिवसभर समजावलं होतं, हे मला नंतर कळलं.) इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हाताला काठी, दुसऱ्याला माझी बायको, मागे मुलगी. ते दारातून माझ्या टेबलाशी पोचेपर्यंत मी पाहत होतो. तेवढ्याशा अंतराला त्यांना फार वेळ लागला. आले, आणि त्यांनी माझ्यासमोर डावं बोट धरलं.

"बोट काळं आहे," एक प्रतिनिधी एकदम जागा होऊन म्हणाला.

बाई उठून आल्या. "तुम्ही मत दिलंय."

"नाही," सासरे म्हणाले.

"मग हे काय?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनं पाहिलं. मुलीनं बघणं टाळलं.

"मी लावलं," मी म्हणालो. "रविवारी दुपारी. ते झोपले होते."

"ह्यांचीही बोटं?"

"त्याही झोपल्या होत्या."

"तुमच्याकडे सगळे झोपल्यावर तुम्ही हेच करता?"

"पहिल्यांदाच केलं."

बाईंनी यादी पाहिली. तिघांच्याही नावापुढे सही नव्हती. "यावरून एवढंच सिद्ध होतं की इथे मत दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि पानं उलटत गेल्या. मी कधी कुठल्या पुस्तकाकडे इतक्या आशेनं पाहिलं नसेल. शेवटी एका पानावर त्यांचं बोट थांबलं. खूण दुसऱ्या कारणानं झाली असेल आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यानं तसं लिहून दिलं, तर मतदाराला मत देता येतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आणि यातला एक शब्द जरी खोटा निघाला तरी मत बाद."

मी लिहिलं. त्यांनी ते रांगेतल्या अकरा माणसांसमोर मोठ्यानं वाचलं. "मी, मतदान अधिकारी क्रमांक दोन, लिहून देतो की रविवारी दुपारी सदर सासरे गाढ झोपेत असताना, त्यांच्या नकळत, सरावाच्या हेतूने मी त्यांच्या बोटास शाई लावली. याखेरीज माझा कोणताही हेतू नव्हता." मग बायकोचं, मग मुलीचं. रांगेतल्या पाणीपट्टी भरणाऱ्यांनी मला ओळखलं. तीनही प्रतिनिधींनी हरकत नाही म्हणून सह्या केल्या. मी सासऱ्यांच्या मधल्या बोटावर नवी रेघ ओढली. रेघ वाकडी आली. ते पडद्यामागे गेले आणि बाहेर आले तेव्हा काठी न टेकता दोन पावलं चालले.

ते दमले म्हणून बाकावर बसून राहिले. मतदान पाचला बंद होणार होतं आणि पाच मिनिटं उरली होती. मला आठवलं, आपलं मत राहिलं.

"बोट दाखवा," बाई म्हणाल्या.

सगळ्यात काळं बोट माझं होतं.

"हेही रविवारचंच. मीच लावलं. लिहून देतो."

"तुम्ही नाही. स्वतःच्या वहीवर स्वतःच बरोबरची खूण करायची नसते. पाहणारा हवा." त्या बायकोकडे वळल्या. "तुम्ही पाहिलंत?"

"मी झोपले होते," बायको म्हणाली. "त्यांनीच लिहून दिलंय."

मुलीनंही तेच सांगितलं. सासरे ऐकू न आल्यासारखे भिंतीवरचे ढग पाहत होते. तेवढ्यात पाच वाजले. सगळ्या घराच्या झोपेचा साक्षीदार मी होतो, आणि माझ्या जागेपणाला कोणीच नव्हतं.

संध्याकाळी पेट्या पोचवून घरी आलो. सासरे त्याच आरामखुर्चीत होते. दोन्ही बोटं पुन्हा पुन्हा पाहत होते.

"मी जागा होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"रविवारी. तुम्ही आधी स्वतःला लावलंत, मग मला. सगळं पाहिलं."

"मग हात काढून का नाही घेतलात?"

"कितीतरी दिवसांनी कोणी हात हातात घेतला होता. सोडवावासा वाटेना. वाटलं, कसलंसं औषध लावताय."

मी खाली त्यांच्या पायाशी बसलो. विचारलं, "मग बाईंना का नाही सांगितलंत? माझं मत वाचलं असतं."

"सांगितलं असतं तर तुमचं 'गाढ झोपेत' खोटं ठरलं असतं. माझं बाद झालं असतं." त्यांनी पेपर उघडला, या वेळी सुलटा. "आणि तसंही, चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझं मत अख्खं मोजलं जाणार आहे, जावईबापू. मागून पुसायला कोणी गेलं नाही."

त्यांनी पेपराच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या निवडणुकीच्या आधी पुन्हा सराव करा," ते म्हणाले. "आमची बोटं नकोत. तुमचं एकट्याचं पुरे."