मागून चालणाऱ्या गिरजामावशी

गिरजामावशी कुणाच्या पुढे चालत नाहीत. शेजारीही नाही. आपण थांबलो तर त्याही दहा पावलं मागे थांबतात आणि दुसरीकडेच बघत उभ्या राहतात. पहिल्यांदा आमच्या पुंडलिकनगरच्या घरी आल्या तेव्हा मी दार उघडून "या ना आत" म्हटलं. "तुम्ही व्हा म्होरं," त्या म्हणाल्या. पाहुण्याच्या आधी आत शिरायची मला सवय नाही, म्हणून मीही उभाच राहिलो. शेवटी समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काही हरवलं का?"

त्या आल्या होत्या माझ्या पत्नीसाठी. सुमनला सगळ्याचा विसर पडत चालला होता. अशा माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना विनामोबदला मदत करणारं एक मंडळ शहरात आहे, त्यांनीच मावशींना पाठवलं होतं. मंडळाच्या फॉर्मवर 'अनुभव' या रकान्यात मावशींनी लिहवून घेतलं होतं : 'मेंढरं. चाळीस वर्षं.' प्रशिक्षणात डॉक्टर पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवत असताना त्या शांत झोपल्या होत्या म्हणे.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, पण मावशींनी भिंतीवरची पुस्तकं पाहिली आणि मला मास्तर करून टाकलं. सुमन खरोखरच शाळेत शिकवायची. रोज चार वाजले की ती पदर खोचून दाराशी जायची. शाळा भरली असेल, पोरं उभी असतील, असं तिला वाटायचं. दोनदा ती एकटीच निघून गेली होती. एकदा भर रस्त्यात, गाड्यांच्या मध्ये सापडली. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप लावत होतो. ती कडी ओढत राहायची आणि मी हातात पुस्तक धरून एकच ओळ वाचत बसायचो.

"कुलूप काहून लावायलाव, मास्तर?"

"मावशी, ती हरवेल."

"अडवलं की बिथरतंय. चालू द्यावं. आपून मागं ऱ्हावं."

"ती काय मेंढरू आहे?"

"न्हाई," मावशी जराही न रागावता म्हणाल्या. "मेंढराला शिंगं असत्यात. बाई गरीब हायेत."

मी कुलूप काढलं. सुमन निघाली, मागे मावशी, त्यांच्या मागे मी. त्या दिवशी जे पाहिलं ते आजही मला पुरतं उलगडलेलं नाही. सुमन मोठ्या रस्त्याकडे वळायला लागली की मावशी न बोलता, हात न लावता, त्या बाजूला चार पावलं सरकत. सुमन आपोआप गल्लीत शिरे. स्वतःच्या मर्जीनं. कितीतरी महिन्यांनी तिची मान ताठ दिसली.

घरी आणायची युक्ती तर त्याहून साधी. सुमनची पावलं जड झाली की मावशी मागून म्हणत, "बाई, लई चाललो. च्या पाजता का?" घरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सुमननं आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. ती तडक घराकडे वळे. मग स्वयंपाकघरात मी शेगडीपाशी पहारा करायचा आणि तिनं चहा करायचा. एकदा तिनं साखरेऐवजी मीठ घातलं. मावशींनी कप रिकामा केला.

"मावशी, खारट होता!"

"केलाय कुणी? बाईनं ना? मग झालं."

हे त्या फुकट का करतात, असं मी विचारलं होतं. "मेंढरं विकली तवापासून पायाला काम न्हाई," एवढंच उत्तर. पडेगावात मुलाकडे राहत. मुलगा आणि सून दोघंही वाळूजच्या कारखान्यात, पाळीवर. घरात बोलायला कोण, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

हळूहळू मी मागून जाणं सोडलं, दोघीच फिरून येत. मग एका संध्याकाळी साडेसहा झाले तरी दोघी परतल्या नाहीत. मावशी जवळ फोन ठेवत नसत. मी गल्ल्यांमागून गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडली तर उद्यापासून पुन्हा कुलूप, आणि मावशींना निरोप द्यायचा, हे मनाशी पक्कं केलं.

गारखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या दिसल्या. सुमन वरच्या पायरीवर, मावशी खालच्या. मावशींचे पांढरे केस मोकळे सुटलेले आणि सुमनची बोटं त्यांतला एकेक गुंता सोडवत होती. मावशींचे डोळे मिटलेले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्या हातसुद्धा उचलत नव्हत्या.

"मावशी, वाजले किती?" माझा आवाज चढला होता.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वाईच थांबा, मास्तर," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आई गेल्यापून डोस्क्याला कुणाचा हात लागला नव्हता."

"हलू नकोस गं," सुमननं त्यांना दटावलं. "भांग वाकडा होतोय."

"न्हाई हलत, बाई."

जे सांगायला आलो होतो ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. पुढेही, सुमनचे पाय चालत होते तोवर, कधी सांगितलं नाही. सुमनला जाऊन आता वर्ष होईल.

त्या संध्याकाळी मी पायरीच्या कडेला बसलो. एका बाजूची वेणी झाली होती, दुसरी अजून व्हायची होती.