तिले कोड निघाला

गिरिधररावांच्या डिझेल गाडीच्या काचेमागे पिवळा दिवा पुन्हा लागला, तेव्हा त्यांना पहिला संशय मेकॅनिकवर आला. दुसरा पेट्रोलपंपावर आला आणि तिसरा शेजाऱ्यांच्या मांजरावर. संशयाच्या बाबतीत गिरिधरराव कधी हात आखडता घेत नसत.

त्यांनी दोषांचे कोड वाचणारं एक यंत्र मागवलं होतं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की मोबाइलवर आकडा उमटे. आज उमटला पी चोवीस त्रेसष्ट. मागच्या वेळीही हाच होता, आणि मेकॅनिकने तो पुसून दिला होता. या आकड्याची इंटरनेटवर इतकी कारणं निघाली की गिरिधररावांचा कोणावरच विश्वास उरला नाही.

वेळ वाईट होती. रविवारी त्यांच्या मुलीला, अदितीला, बघायला रामटेकचे पाहुणे येणार होते. मुलगा, पुष्कर, बुटीबोरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, आणि लाखात एक असं हे स्थळ त्यांच्या पत्नी उत्तराबाईंनी फार कष्टाने जुळवत आणलं होतं. पाहुण्यांना सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत गाडीतून फिरवून आणायचा बेत होता. इंजिनिअर जावयाच्या नाकासमोर तो पिवळा दिवा गिरिधररावांना नको होता.

त्यांनी मेकॅनिक गणपतरावांना आवाजी निरोप पाठवायचं ठरवलं. आता, मोबाइल आपलं बोलणं चोरून ऐकतो असा त्यांचा पक्का समज होता. ‘गाडी’ म्हटलं की लगेच टायरच्या जाहिराती सुरू होतात, म्हणून तो शब्द ते फोनवर कधीच उच्चारत नसत. दुसऱ्याच्या हाती फोन पडला तर काही कळू नये म्हणून नावांपुढे धंदा-नातंही लिहीत नसत. त्यामुळे त्यांच्या फोनमध्ये एक ‘गणपतराव’ होते आणि एक ‘गणपतराव २’. एक मेकॅनिक आणि दुसरे पुष्करचे वडील.

गिरिधररावांनी दबक्या आवाजात निरोप भरला, “गणपतराव, तिले पुन्हा कोड निघाला गा. मागं तू पुसून देल्ला, तं चार दिवसात परत वर आला. रविवारी पाहुणे येऊन राह्यले, त्याहीच्या नजरेस पडला नाही पाहिजे. तोवर वरवरचं काही करून झाकून दे.”

निरोप गेला रामटेकला.

पुष्करचे वडीलही काही कमी संशयी नव्हते. हा निरोप कुण्या वैद्यासाठी असून चुकून आपल्याकडे आला, हे त्यांनी ओळखलं, आणि माहिती काढायला एवढंच लिहिलं, ‘केव्हापासून आहे?’

‘दिवाळीपासून,’ गिरिधररावांनी कळवलं. ‘एरवी तब्येत ठणठणीत. फक्त चढावर दम लागतो अन् आवाज वाढला. घरी कोणाले सांगितलं नाही.’

त्यावर उत्तर आलं नाही. मेकॅनिकही फितूर झाला, असं गिरिधररावांनी मनाशी नोंदवलं.

शनिवारी पुष्करच्या आई शोभाताईंचा उत्तराबाईंना फोन आला. अदितीला उन्हाचा त्रास होतो का, फोटोत तिच्या बाह्या लांब काहून आहेत, गड चढताना तिला धाप लागते का, असं काहीबाही त्या विचारत राहिल्या. उत्तराबाई चक्रावल्या. गिरिधररावांना मात्र सगळं लख्ख कळलं. जे लोक दुसऱ्याच्या पोरीची इतकी चौकशी करतात त्यांच्या पोरात नक्की काहीतरी खोट असते, असं त्यांनी सांगितलं आणि रविवारी पुष्करला चालताना, बसताना आणि शक्य झाल्यास चढावर बघायचं ठरवलं.

रविवारी पुष्कर एकटाच आला. आईवडील आले नाहीत म्हटल्यावर उत्तराबाईंचा चेहरा पडला. त्याने पाणी घेतलं, घसा खाकरला आणि थेट अदितीकडे बघून बोलला.

“बाबांची तयारी नाही. पण मला चालेल, हे सांगायला आलो. कोड म्हणजे काही पाप नाही. लपवायला नको होतं, एवढंच.”

गिरिधरराव ताडकन उठले. “म्हणजे गणपतराव फुटला. मले वाटलंच होतं. पण आम्ही ती देऊन नाही राह्यलो, फक्त फिरवणार होतो तुम्हाला.”

आता उठायची पाळी पुष्करची होती. उत्तराबाईंनी हात वर करून दोघांना बसवलं आणि कोड कोणाला निघाला ते विचारलं. पुष्करने उत्तरादाखल फोनवर निरोपच लावला. गिरिधररावांचा दबका आवाज घरभर घुमला.

“अन् बाबांना त्या एकेरी ‘गा’चंही वाईट वाटलं,” पुष्कर म्हणाला.

उत्तराबाई आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. जुळत आलेलं स्थळ गाडीपायी गेलं होतं. गिरिधररावांना फार लाज वाटली. त्यांनी अंगणात बोट दाखवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा फोनजवळ उभं राहून मोठ्याने कबूल केलं, “गाडी. गाडीले निघाला कोड.”

अदिती हसली नाही. बाह्या वर करून हात दाखवणं तिला सहज जमलं असतं, तेही तिने केलं नाही. तिने पुष्करला विचारलं, “आणि मलाच असता तर?”

“तुम्हालाच आहे समजून आलो ना मी,” पुष्कर म्हणाला.

अदितीने मान खाली घातली. गिरिधररावांनी चष्मा पुसला.

मग पुष्करने गाडीचा आकडा पाहिला. धूर गाळणाऱ्या जाळीत काजळी दाटली होती. गाडी रोज भाजीबाजारापर्यंत जाते नि येते, तेवढ्यात ती तापत नाही आणि काजळी जळत नाही. कोड पुसून उपयोग नव्हता. मोठ्या रस्त्यावर एका वेगाने लांब पळवली की जाळी आपोआप साफ होणार होती.

“रामटेकला नेऊ,” अदिती म्हणाली. “तुमच्या आईबाबांना भेटून येते.”

दोघं गाडी घेऊन निघाले आणि दिवा रामटेकच्या वाटेवर, मनसरच्या अलीकडेच विझला. पुढच्या तासाभरात पुष्करच्या वडिलांनी पिवळ्या दिव्याची सगळी हकीकत दोनदा ऐकून घेतली, गाडीत डोकावून खात्री केली आणि मगच हसले. शोभाताईंनी अदितीला जेवायला बसवलं.

तिकडे घरी गिरिधररावांना राहवेना. त्यांनी फोन लावला. “गेला का गं लाइट?”

“नाही ना बाबा,” अदिती तोंडातला घास गिळत म्हणाली. “काजळी फार आहे म्हणतात हे. अजून पुढे, देवलापारपर्यंत न्यावी लागेल. संध्याकाळ होईल.”

फोनमध्ये मागे वाढपाचा चमचा ताटावर वाजला आणि कोणीतरी तिला अजून एक पोळी घ्यायचा आग्रह केला. उत्तराबाईंनी कान देऊन ऐकलं आणि तोंड फिरवून हसल्या. गिरिधररावांनी गंभीरपणे मान डोलावली.

“घाई करू नका,” ते म्हणाले. “पूर्ण जळू द्या.”